श्वास मोजायला कुणाला वेळ नाही

नात्यागोत्यातल्या माणसांचे दवाखान्याचे कागद सांभाळायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. आमच्या सेलूचे, परभणीचे, थेट संभाजीनगरचे केसपेपर, डिस्चार्ज कार्डं, एक्स-रेची पाकिटं. हे कागद चाळताना एक गोष्ट डोळ्यांत खुपते. बी.पी. लिहिलेलं असतं, नाडी लिहिलेली असते, शुगर तर हमखास असते. श्वासाच्या रकान्यात मात्र एक तर काहीच नसतं, नाहीतर वीस. आजोबांचेही वीस, नातवाचेही वीस. पायाला लागलं म्हणून गेलेल्याचे वीस, आणि दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनवर गेलेल्याचेही वीसच. इतक्या वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या आजाराच्या माणसांचा श्वास एकाच आकड्यावर येत नसतो. हे वीस कुणी मोजलेले नाहीत. रकाना रिकामा दिसू नये म्हणून ते टाकलेले आहेत. या खोट्या विसाच्या आडोशाने माणसं मेली आहेत, हे मी जबाबदारीने लिहितो.

‘न्यूमोनिया लपलेला होता हो, लक्षणंच नव्हती.’ हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लक्षणं नव्हती म्हणजे काय? खोकला नव्हता, ताप नव्हता, छातीत दुखत नव्हतं, एवढंच ना? या तिन्हींखेरीज न्यूमोनिया ओळखताच येत नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? उलट म्हाताऱ्या माणसांत आणि तान्ह्या बाळांत हे तिन्ही नसू शकतात, हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात लिहून ठेवलेलं आहे आणि परीक्षेत विचारलंही जातं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं दवाखान्याची खुर्ची मिळाली की विसरायचं, आणि दोष मात्र आजाराच्या लपण्याला द्यायचा.

माझ्या आत्याचं सांगतो. सत्तरी ओलांडलेली, बरीच वर्षं मधुमेहाची गोळी चालू, तरी रोज रानात एक चक्कर मारणारी बाई. जानेवारीतली थंडी. आधी तिचं जेवण तुटलं. ज्वारीची भाकरी चुरून दुधात दिली, तीही तिने सारली. मग पोराला ती आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारायला लागली, आणि रात्री मोरीकडे जाताना अंगणात पडली. आत्येभावाचा फोन आला, ‘दादा, माय काहीबाही बडबडायली, जेवायली बी नाही.’ जवळच्या दवाखान्यात नेलं तर ‘वय झालंय, विकनेस आहे’ म्हणून सलाईन लावलं आणि त्यात पिवळं इंजेक्शन सोडलं. दुसऱ्या ठिकाणी डोक्यात काही झालं असेल म्हणून मेंदूचा सीटी स्कॅन काढायला लावला. तो चांगला आला. तेवढ्यात तिसरा दिवस उजाडला. ताप नाही, खोकला नाही, म्हणून छातीकडे कुणी पाहिलंच नाही. आत्या खाटेवर दोन्ही हात टेकून बसायची, प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलायची, आणि एक वाक्य तिच्याच्याने एका दमात पुरं होत नव्हतं. हे सगळं उघड्या डोळ्यांना दिसत होतं. शेवटी परभणीत एका तरुण सिस्टरने घड्याळ समोर धरलं आणि मिनिटभर उभं राहून श्वास मोजले. चौतीस भरले. बोटाला ऑक्सिमीटर लावला, शहाऐंशी. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफटक. आत्या वाचली नाही.

त्या सिस्टरने वापरलेल्या घड्याळासारखंच घड्याळ आधीच्या दोन्ही दवाखान्यांच्या भिंतीवर होतं.

वय झालेल्या शरीराला आणि मधुमेहाने पोखरलेल्या शरीराला जंतूंविरुद्ध मोठा ताप उभा करायची ताकद उरत नाही. खोकून बेडका बाहेर काढायचा तर स्नायूंत जोर लागतो, घशाची जाणीव शाबूत लागते. पक्षाघात झालेल्या किंवा नुसत्याच खचलेल्या म्हाताऱ्यात दोन्ही नसतं. फुप्फुसाचा एक कप्पा पू आणि पाण्याने भरत जातो, रक्तात ऑक्सिजन कमी पडतो, आणि त्याचा पहिला फटका मेंदूला बसतो. म्हणून माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, पडतो, अंथरूण ओलं करतो, जेवण टाकतो. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला, डॉक्टर म्हणतात विकनेस. पण शरीर गप्प बसलेलं नसतं. कमी पडणारा ऑक्सिजन भरून काढायला ते श्वास वाढवतं. निरोगी प्रौढाचे मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास होतात. म्हाताऱ्यांचे थोडे जास्त असू शकतात, पण पंचवीसच्या वर गेले की छाती तपासल्याशिवाय त्या माणसाला घरी पाठवता येत नाही. म्हातारपणी हा वाढलेला श्वास इतर खुणांच्या आधी दिसू शकतो, हे ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९८२ साली छापून सांगितलं. आजार किती गंभीर हे ठरवायला जगभर वापरतात त्या मोजपट्टीत पाच गोष्टी आहेत: भ्रम, रक्तातला वाढलेला युरिया, श्वास तीस किंवा जास्त, बी.पी. उतरणं आणि वय पासष्ट किंवा त्यावर. त्यात ताप नाही, खोकला नाही. माझ्या आत्यात यातल्या तीन तरी नुसत्या पाहून आणि मोजून सापडत होत्या.

आता कुणी म्हणेल, आमच्या खेड्यापाड्यांत यंत्रं नाहीत, तज्ज्ञ नाहीत. हे रडगाणं महाराष्ट्रात तरी कुणी गाऊ नये, कारण त्याचं उत्तर याच राज्यात, सेलूपेक्षा कितीतरी गरीब मुलखात देऊन झालेलं आहे. अभय बंग आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. तिथली बाळं न्यूमोनियाने पटापट मरत होती आणि डॉक्टर मैलोन् मैल नव्हता. त्यांनी गावातल्याच माणसांना शिकवलं. सुईणींना शिकवलं, ज्यातल्या कित्येकींना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. मग आकड्यांवाचून चालेल असं साधन त्यांच्या हातात दिलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, त्यातला शेवटचा लाल. बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची पाळी आली, की न्यूमोनिया समजायचा आणि तोंडाने द्यायचं प्रतिजैविक लगेच सुरू करायचं. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा चोपन्न टक्क्यांनी कमी राहिले. हे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. अक्षरओळख नसलेल्या सुईणीने जे मण्यांवर केलं, ते भिंतीवर एम.बी.बी.एस.ची चौकट टांगलेल्या माणसाला जमत नाही, असं मला कुणी सांगू नये. जमतं. करायचं नसतं.

का करायचं नसतं तेही बोलू. कापसाच्या हंगामात, बाजाराच्या दिवशी सेलूत दवाखान्यांबाहेर रांग लागते. वालूर, देऊळगाव गात, चिकलठाणा, कुठून कुठून माणसं आलेली. एका माणसाला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. त्या दोन मिनिटांतलं एक श्वास मोजण्यात गेलं तर रांग दुप्पट होते, हा हिशेब आहे. शिवाय श्वास मोजण्याचं बिल होत नाही. सलाईनचं होतं, रक्ताच्या पाच तपासण्यांचं होतं, स्कॅनचं होतं. डॉक्टर नुसता बसून पोटाकडे बघतोय म्हटल्यावर रुग्णाचे नातेवाईकही चुळबुळ करतात, ‘डॉक्टरसाहेब, एक सलाईन तर लावा’ म्हणून मागे लागतात. या मागणीला बळी पडणाऱ्या डॉक्टरला मी माफ करणार नाही, पण मागणाऱ्यालाही सोडणार नाही. सलाईन म्हणजे मिठाचं नाहीतर साखरेचं पाणी. ज्याला गिळता येतं आणि ज्याच्या शरीरातलं पाणी आटलेलं नाही, त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्याच्या शिरेत ते भराभर सोडलं तर आधीच भरलेल्या फुप्फुसात आणखी पाणी साचतं.

आणि सलाईनच्या जोडीला टोचतात ते ‘ताकदीचं’ इंजेक्शन. पुष्कळदा त्यात स्टिरॉइड असतं. ते घेतलं की ताप उतरतो, अंगदुखी जाते, भूक लागते, आणि माणूस गावात जाऊन सांगतो की अमुक डॉक्टरच्या हाताला गुण आहे. आत फुप्फुसातला जंतू मोकाट सुटलेला असतो. स्टिरॉइडला न्यूमोनियात जागा आहे, पण ती अतिदक्षता विभागात, निवडक रुग्णांत, प्रतिजैविकाच्या जोडीने. निदान न करता बाह्यरुग्णाला ते टोचणं म्हणजे उरलीसुरली लक्षणं पुसून टाकणं. आधी स्वतःच्या हाताने लक्षणं पुसायची आणि मग लक्षणं नव्हती म्हणायचं!

आणखी एक गुन्हा याहून मोठा आहे. छातीवर डाग दिसला की लिव्होफ्लॉक्सॅसिन लिहून मोकळं व्हायचं. आपल्या भागात क्षयरोग घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली आहे. हे औषध क्षयाच्या जंतूवरही थोडंफार चालतं. आठवडाभर माणसाला बरं वाटतं, क्षय दबून राहतो, निदान लांबतं, आणि तेवढ्या काळात तो घरातल्या पोराबाळांना वाटला जातो. शिवाय क्षयाचा जंतू त्या औषधाला सरावतो. जिनिंगच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्या मजुराचे हाल तर विचारू नका. त्याच्या कपाळावर ‘दम्याचा पेशंट’ असा शिक्का एकदा बसला की पुढे न्यूमोनिया झाला काय नि क्षय झाला काय, त्याला पंपच मिळतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, घटलेलं वजन, रात्रीचा घाम यांतलं काही असेल तर बेडक्याची क्षयासाठी तपासणी आधी, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

हिंडत्याफिरत्या तरुणांचाही न्यूमोनिया असतो. शाळा-कॉलेजातली पोरं, वसतिगृहातली. कोरडा खोकला, घसा, बारीक कणकण, आठवडे उलटले तरी पोरगा शाळेत जातोच आहे. एक्स-रे काढला तर पोराच्या तोंडाकडे बघून वाटणार नाही इतका खराब निघतो. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू यामागे पुष्कळदा असतो. त्याला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रियाक्झोनसारखी औषधं जंतूच्या भिंतीवर घाव घालतात, तेव्हा जिथे भिंतच नाही तिथे महागड्या इंजेक्शनांचा कोर्स वाया जातो. ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं लागतात, आणि तीही डॉक्टरने पारखून द्यायची. मेडिकलवाल्याने काउंटरवरून तीन गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवायचं नाही.

खरे उपचार अवघड नाहीत, म्हणून तर चीड येते. वेळेत योग्य प्रतिजैविकाचा पहिला डोस, ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजन, अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी पुन्हा तपासणी, सुधारणा नसेल तर निदानाचा फेरविचार. साध्या न्यूमोनियाला बहुतेकदा पाच दिवसांची औषधं पुरतात. पन्नाशी ओलांडलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाचा एक्स-रे सहा आठवड्यांनी पुन्हा काढायचा, कारण त्या डागाआड कर्करोग असू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पेज भरवताना उठवून बसवायचं, आडव्या माणसाच्या तोंडात चमचा घालायचा नाही, नाहीतर ती पेज फुप्फुसात उतरते. त्याचं तोंड रोज स्वच्छ करायचं. यातल्या कशाला परदेशी यंत्र लागतं?

कोरोनाच्या साथीत, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत हे सगळं आपण शिकलो होतो. ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेलेला माणूस खाटेवर बसून मोबाईलवर बोलताना याच डोळ्यांनी पाहिला. दम लागल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. तो बाहेर पडत राहिला तर ऑक्सिजन घसरला तरी माणसाला काही वाटत नाही. पण बघणाऱ्याला त्याचे वाढलेले श्वास पुष्कळदा दिसतात. घराघरांत सहा मिनिटं चालून ऑक्सिमीटर लावायची सवय लागली होती. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन तपासत होत्या. साथ ओसरली आणि ऑक्सिमीटर कपाटात गेले. माझ्या ओळखीतल्या घरांत आज ते काढायला सांगितले तर आतले सेल गळून हिरवे झालेले निघतात. लाखो माणसांच्या मरणातून शिकलेली गोष्ट आपण इतक्या स्वस्तात टाकून दिली.

सरकारची तऱ्हा वेगळी. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्राने न्यूमोनियाविरुद्ध ‘सांस’ मोहीम काढली, आशाताईंना श्वास मोजायला आणि पहिला डोस देऊन बाळाला पुढे पाठवायला सांगितलं. न्यूमोकोकल लस महाराष्ट्रात २०२१ मध्ये सार्वत्रिक लसीकरणात आली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी ती फुकट मिळते. हे चांगलंच आहे, आणि ज्यांनी आपल्या बाळाला ती अजून दिली नाही त्यांनी आधी ती द्यावी. पण ही सगळी मोजणी पाच वर्षांच्या आतल्यांची. साठीनंतरच्या माणसाचा श्वास मोजायला सरकारी यंत्रणेत कोण बांधलेलं आहे? कुणी नाही. म्हाताऱ्यांसाठीची लस सरकारी दवाखान्यात मिळत नाही, खाजगीत ती परवडत नाही. पोरं पुण्या-मुंबईला कामाला, कुणी ऊसतोडीला, घरात म्हातारी एकटी. तिचं जेवण तुटलंय हे शेजारणीला कळेल तेव्हा कळेल.

बाळांबद्दलही निर्धास्त राहू नका. तान्ह्या बाळाचा न्यूमोनिया पुष्कळदा खोकत येत नाही. बाळ दूध ओढायचं सोडतं, मलूल पडतं, अंग तापण्याऐवजी गार पडतं. त्याला अजूनही कुठे ‘डबा’ म्हणतात आणि पोटावर बिब्बा घालतात, डाग देतात. भाजलेल्या पोटाच्या बाळाला श्वास घेताना किती यातना होत असतील, याचा विचार करून त्या हाताला कुणी धरत नाही.

मोजायचं कसं, ते नीट सांगतो. बाळ शांत हवं. रडत नको, अंगावर पीत नको. आईच्या मांडीवर घ्या, झबलं वर करा, पोटाकडे बघा. पोट वर येऊन खाली गेलं की एक. घड्याळ लावून पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा, तरीही तेवढेच भरले तर गाठोडं बांधा आणि निघा. दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस. श्वास घेताना बरगडीखालची छाती आत ओढली जात असेल तर आकड्याचीही वाट बघू नका. म्हाताऱ्या माणसाचे मोजताना त्याला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि नजर छातीवर ठेवा. ऑक्सिमीटर असेल तर तोही लावा, कारण काही न्यूमोनियात श्वास वाढत नाही. पण बोट गार नको, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. तेव्हा पंच्याण्णव दिसतंय म्हणून धापा टाकणाऱ्या माणसाला घरी ठेवू नका.

माझी मागणी एवढीच आहे. सेलूच्या उपजिल्हा रुग्णालयापासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत, श्वासाचा मोजलेला आकडा लिहिल्याशिवाय एकही केसपेपर रुग्णाच्या हातात पडू नये. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना वॉर्डात उभं करून महिनाभर नुसते श्वास मोजायला लावा. आशाताईंच्या यादीत साठीवरची माणसं घाला आणि त्या कामाचा मोबदला त्यांना द्या. डॉक्टरांच्या संघटनेला हे पटत नसेल तर तिने माझ्यासमोर बसून कारण सांगावं, मी आत्याचे कागद घेऊन येतो.

आणि वाचणाऱ्याला सांगणं हे की डॉक्टरची वाट बघू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने जेवण टाकलं, तो विसंगत बोलला किंवा कारणाशिवाय पडला, तर ताप नसला तरी त्याच घटकेला श्वास मोजा. पंचवीसच्या वर भरले तर आकडा कागदावर लिहा, सकाळ व्हायची वाट न बघता गाडी काढा, दवाखान्यात तो कागद टेबलावर ठेवा आणि छातीचा एक्स-रे मागा. ‘विकनेस आहे’ असं उत्तर मिळालं तर सलाईन न लावता उठा आणि दुसरा दवाखाना गाठा.